घरच्या पार्किंगमध्ये मारुती ८००चं इंजिन उतरवताना

मारुती ८०० आणि तिच्या आसपासच्या छोट्या गाड्यांचं इंजिन उतरवायला मोठं गॅरेज लागत नाही. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आडवं बसवलेलं इंजिन आणि भोवती हात जाईल इतकी जागा. डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात. ठाण्यातल्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये किंवा नवी मुंबईत सिडकोच्या रो हाउसपुढच्या मोकळ्या जागेत हे काम दोन शनिवार-रविवारांत बसतं. मात्र दोन गोष्टींत तडजोड नाही. इंजिन वर ओढण्याआधी त्याला गाडीशी बांधणारी प्रत्येक वस्तू सुटलेली हवी, आणि इंजिन ज्याला टांगणार ते असं वजन पेलण्यासाठीच बनलेलं हवं.

आधी इंजिन खरंच उतरवायचं आहे का, हे ठरवा. क्लच प्लेट बदलायला फक्त गिअरबॉक्स खाली घेतला तरी चालतं. हेड गॅस्केट गेलं असेल तर हेड जागेवरच निघतं. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, ऑइल कमी होत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. ज्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येतं त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, म्हणजे इंजिन उतरवणं आलं. आकडा तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर घ्या, तेव्हा काम हेडपुरतंच असू शकतं. या पाच मिनिटांनी पुष्कळांचे दोन आठवडे वाचतात.

जागा आणि वेळ

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. खाडीकाठची दमट हवा उघड्या लोखंडाला सोडत नाही. ऑइल न लावलेल्या बोअरवर दोन-तीन दिवसांत तांबूस साय धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

सोसायटीत करणार असाल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, तारखा टाकून. चेअरमनना जिन्यात भेटून सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही, आणि इंजिन अर्ध्यात लटकलेलं असताना वाद नको. बहुतेक इमारतींत मीटर रूम स्टिल्टमध्येच असते. तिच्यापासून आणि पाइप गॅसच्या लाइनपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि जमिनीलगत पसरते. दोन किलोचा एबीसी अग्निशामक हाताशी ठेवा.

खाली पेव्हर ब्लॉक असतील तर क्रेनची छोटी चाकं फटींमध्ये अडकतात आणि ऐन वेळी धक्का बसून इंजिन झुलतं. १८ मिमी प्लायवूडचे दोन तक्ते अंथरून त्यावर क्रेन फिरवा. हा खर्च वाया जात नाही, पुढे इंजिन खोलायलाही तेच तक्ते उपयोगी पडतात.

इंजिन टांगायला घडीची हायड्रॉलिक इंजिन क्रेन सर्वांत बरी. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दोन दिवसांसाठी भाड्याने आणा. तिचा हात जितका लांब काढाल तितकी तिची ताकद कमी होते. हातावर भोकांपाशी आकडे कोरलेले असतात, ते वाचा. क्रेन नसेल तर एक टनाची चेन कप्पी आणि लोखंडी पाइपची भक्कम तिवई. स्टिल्टच्या तुळईला हुक ठोकून, ड्रेनेजच्या पाइपला किंवा आंब्याच्या फांदीला कप्पी अडकवू नका. ठाणे-वाशीतल्या जुन्या इमारतींत आतली सळई गंजून फुगलेली असू शकते आणि वरून प्लास्टर मात्र नवंकोरं दिसतं. काही ठिकाणी दोघं जण बांबूवर ८००चं इंजिन उचलून काढतात हे खरं आहे, पण गिअरबॉक्ससह शंभर किलोच्या घरातलं वजन धरून चाला. एकाचा पाय सांडलेल्या ऑइलवर घसरला तर दुसऱ्याची बोटं ग्रिलच्या पट्टीवर चेपतात.

हत्यारं फार नाहीत. १०, १२, १४, १७ आणि १९ चे रिंग पाने आणि त्याच मापाच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, टॉमी, नोज प्लायर, दोन फूट लांबीची पहार, जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). स्वस्त सेटमध्ये १३ चा पाना असतो आणि १२ चा नसतो. मारुतीत १२ शिवाय पान हलत नाही, म्हणून सेट घेताना उघडून बघा. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. वीट लावू नका, ती दाबाखाली फुटते.

पहिला शनिवार: रिकामं करा, नावं लावा

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, पॉझिटिव्ह नंतर. बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेवा. बोनटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा, मगच बोल्ट सोडा. परत बसवताना त्या रेघेवर बसवलं की फटी आपोआप जुळतात. बोनट उतरवायला दोघं लागतात, एकट्याने केलं की कोपरा काचेवर आदळतो.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरखालून कूलंट काढा. ते उघड्या घमेल्यात ठेवू नका. चवीला गोडसर असल्यामुळे सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात, आणि ते जहाल विष आहे. मग चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सोडून ऑइल काढा, साधारण तीन लिटरच्या आसपास निघेल. गिअर ऑइलही आत्ताच काढा. ते राहिलं तर गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे शाफ्ट उपसल्यावर सगळं तुमच्या बाहीत येतं. जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या जे अधिकृत रीसायकलरला देतं. गटारात ओतलेलं ऑइल शेवटी खाडीतच जातं, आणि ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही.

पेट्रोल लाइन. कार्बोरेटरच्या गाडीत पंप यांत्रिक असतो, पाइप काढून त्यात योग्य मापाचा बोल्ट खुपसला की झालं. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत लाइनमध्ये दाब राहतो. बॅटरी काढायच्या आधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबा आणि आणखी दोनदा सेल्फ मारा. तरीही पाइप सोडताना भोवती फडकं गुंडाळा.

आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजी किट असतं. भरलेल्या टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो. हेही बॅटरी, कूलंट आणि ऑइल काढायच्या आधीच करा: टाकीचा हँड व्हॉल्व्ह बंद करा, गॅसवर चाललेलं इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, आणि तरीही रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) येणारी जाड दाबाची नळी स्वतः सोडू नका. ते एक कनेक्शन किट बसवणाऱ्याकडून सोडवून घ्या. एसी असेल तर गॅस हवेत सोडायची गरजच नाही. कॉम्प्रेसर पाइपांसकट बोल्टवरून सोडा आणि तारेने बाजूला बांधून ठेवा. पाइपवर त्याचं वजन येऊ देऊ नका.

आता वायरिंग. प्रत्येक प्लग काढण्याआधी फोटो, काढल्यावर दोन्ही टोकांना मास्किंग टेप आणि एकच नंबर. बॉलपेन वापरू नका, ऑइलचा हात लागला की शाई जाते, परमनंट मार्कर घ्या. डेल्कोची (डिस्ट्रिब्यूटरची) टोपी असलेल्या गाडीत प्लगच्या वायरींवरही १, २, ३ लिहा. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे आणि दोन वायरी उलटसुलट झाल्या तर बसवल्यावर बॅकफायर होऊन तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसता. बोल्ट डब्यात एकत्र टाकू नका. वस्तू निघाली की तिचे बोल्ट दोन आटे पकडून जागच्या जागी परत लावा. डब्यातले चाळीस बोल्ट सारखेच दिसतात, आणि लांबीला चार मिमी जास्त असलेला बोल्ट ॲल्युमिनियममध्ये दाबून बसवला की आटे जातात.

रेडिएटर पंख्यासकट बाहेर काढा. ॲक्सिलरेटर वायर, क्लच वायर, चोक वायर, हीटरचे दोन होस, व्हॅक्यूमच्या नळ्या सोडा. जुना होस क्लिप सोडल्यावरही चिकटून राहतो. पेचकसाने उचकटू नका, रेडिएटरची नळी दबते. होस हाताने गोल फिरवून सुटा करा. नाहीच निघाला तर ब्लेडने लांबीत चिरा, होस स्वस्त आहे.

सायलेन्सरचे नट

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर घेणारा भाग) आणि पुढच्या पाइपाच्या जोडावरचे नट उष्णतेने आणि गंजाने स्टडशी एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. सहा पैलूंची गोटीच लावा, बारा पैलूंची नट गोल करते.

आधी नट किंचित आवळायच्या दिशेने दाबा, मग सोडायच्या दिशेने. सुटणारा नट कट्‌ असा कोरडा आवाज करतो आणि एकदम हलका होतो. आवाज न करता तो मऊ मऊ, रबरासारखा फिरत असेल तर लगेच हात थांबवा. नट सुटत नसून आतला स्टड पिळवटतोय, आणखी अर्धा फेरा दिला तर तुटणार. अशा वेळी परत आवळा, पुन्हा स्प्रे, अर्धा तास थांबा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. इथे गॅसची टॉर्च लावून नट तापवायचा मोह होतो. पेट्रोलची लाइन उघडी असताना आणि स्प्रेने सगळं भिजलेलं असताना ज्योत आणू नका. तरीही स्टड तुटलाच तर तिथेच ड्रिल घेऊन बसू नका. इंजिन बाहेर आल्यावर तोच स्टड टर्नरकडे (लेथवाल्याकडे) निवांत निघतो. परत बसवताना पितळी नट लावा, पुढच्या वेळी असे धरून बसणार नाहीत.

दुसरा शनिवार: खालचं काम

गाडीचा पुढचा भाग घोड्यांवर घ्या. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. घोड्या लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा, मगच आत शिरा. खाली सोडायचं ते असं: गिअर रॉड, स्पीडोमीटरची वायर, रिव्हर्स लाइटचा स्विच, सेल्फच्या वायरी, गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी.

शाफ्ट गिअरबॉक्समधून काढताना दांडा धरून ओढलात तर आतला जॉइंट रबरी बुटाच्या आत सुटतो आणि शाफ्ट गेला. पहार जॉइंट आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घालून एक झटका द्यायचा. आतली सर्क्लिप टक्‌ करून सुटते आणि जॉइंट बोटभर बाहेर येतो. पहार ऑइल सीलवर टेकवू नका. जागा कमी पडली तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडा, म्हणजे चाकाची बाजू बाहेर झुकते. शाफ्टचं बाहेरचं टोक हबमध्येच (चाक बसतं त्या भागात) राहू द्या आणि दांडा तारेने वर बांधा. उघड्या भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे घाला, मोजून, आणि टेपवर आकडा लिहा.

हे झालं की गाडी घोड्यांवरून खाली चाकांवर उतरवा. बरेच जण हे विसरतात. गाडी वर राहिली तर इंजिनाला तितकंच जास्त उंच न्यावं लागतं आणि क्रेनचा हात संपतो.

वर ओढणं

इंजिनाच्या दोन्ही टोकांना उचलायचे हुक असतात, त्यांनाच चेन लावा. हुक नसतील तर हेडच्या जाड बोल्टांना, मोठ्या वायसरसह. इनटेकला किंवा अल्टरनेटरच्या पट्टीला चेन नको. चेन इतकी लांब ठेवा की वरचा कोन फार पसरट होणार नाही, आणि गिअरबॉक्सची बाजू थोडी खाली झुकेल अशी टांगा, कारण तीच आधी कोपऱ्यातून वळून बाहेर काढावी लागते.

आधी चेन फक्त ताणा, वजन क्रेनवर येऊ द्या, मग फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांचे, बोल्ट काढा. बोल्ट हाताने सरकत नसेल तर वजन अजून रबरावर आहे किंवा जास्त वर ओढलंय. क्रेन बोटभर वरखाली करा. हातोडीने ठोकायची वेळ येता कामा नये.

एकाने क्रेन सांभाळायची, एकाने इंजिन हाताने वळवायचं, तिसऱ्याने फक्त बघायचं आणि ‘थांब’ म्हणायचं. दोन सेंटिमीटर वर घेऊन थांबा. चारही बाजूंनी टॉर्चने बघा. इथे हमखास सापडतात त्या दोन वस्तू म्हणजे मागच्या बाजूची अर्थची वायर आणि टेम्परेचर सेन्सरचा प्लग. मग दहा सेंटिमीटर, पुन्हा थांबा. कुठेही चेन ताठ होऊन इंजिन एका बाजूने अडलं तर जोर लावू नका, खाली घ्या आणि शोधा. वजन निघालं की स्प्रिंग मोकळ्या होऊन गाडीचं नाक वर येतं, तेव्हा पुढच्या पट्टीपासून अंतर मोकळं ठेवा. इंजिन पट्टीच्या वर आलं की क्रेन मागे ओढण्यापेक्षा गाडीच मागे ढकलणं सुरक्षित असतं. त्यासाठी ठोकळे काढायची जबाबदारी आधीच एकाला द्या. इंजिनाखाली पाय कुणाचाही नको.

खाली घेताना जुन्या टायरवर टेकवा, पण चेंबरवर वजन येऊ देऊ नका. चेंबर दबला की ऑइल खेचणारी जाळी तळाला चिकटते, आणि इंजिन बांधून झाल्यावर ऑइल प्रेशर का येत नाही याचा पत्ता लागत नाही. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे द्या. गिअरबॉक्स वेगळा करताना तो सरळ रेषेत मागे ओढा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये असताना गिअरबॉक्स लटकू दिला तर प्लेटचा मधला भाग वाकतो. प्लगची भोकं प्लगनेच बंद ठेवा, इनटेकवर टेप लावा, बोअरमध्ये थोडं ऑइल सोडा.

टर्नरकडे नेताना छोटा हत्तीमध्ये इंजिन टायरवर बसवून दोन बाजूंनी बांधा आणि उभंच न्या. निघण्याआधी ब्लॉकवरच्या इंजिन नंबरचा स्वच्छ फोटो काढून आरसीशी ताडून बघा. दुरुस्त करून तेच इंजिन बसवणार असाल तर काही करायचं नाही. कुर्ल्याच्या बाजारातून दुसरं इंजिन आणायचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडून नंबरासह पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रं घ्या, आणि आपल्या आरटीओत, ठाण्याच्या एमएच-०४ मध्ये किंवा नवी मुंबईच्या एमएच-४३ मध्ये, आधी परवानगी मागा. नवा नंबर आरसीवर चढलेला नसेल तर अपघाताच्या दाव्यात आणि गाडी विकताना तोच अडतो.

रिकामी गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात ढकलताना शाफ्टची बाहेरची टोकं हबमध्ये घट्ट आहेत ना, एवढं बघा. ती नसतील तर चाकाचं बेअरिंग नुसत्या ढकलण्यानेही खराब होतं. हँडब्रेक ओढा, ठोकळे लावा, उघड्या बोनटच्या जागी प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर कव्हर बांधा, नाहीतर आठ दिवसांत आत मांजरीची पिल्लं सापडतील.