लेबर वॉर्डातला वर्णभेद: भाषणं नंतर, आधी घड्याळ आणि वही

ब्रिटन किंवा अमेरिकेत मिडवाइफ (म्हणजे शिकलेली सुईण) म्हणून काम करताय किंवा तिकडे जायची तयारी चाललीये, आणि तिथल्या वर्णभेदाचं आपण एकट्याने करायचं तरी काय असं वाटतंय, तर हे वाचा.

आकडे पटकन सांगते. अमेरिकेत २०२३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ ब्लॅक आया दगावल्या, गोऱ्या १४.५. ब्रिटनमध्ये २०१८ ते २०२० या काळात ब्लॅक बायकांमधलं हे प्रमाण गोऱ्यांच्या ३.७ पट होतं. यावर हमखास उत्तर येतं की अहो त्यांना बीपी जास्त असतं, वजन जास्त असतं, गरिबी असते. असेल ना, पण शिकलेल्या, पैसेवाल्या बायकांमध्येही फरक उरतोच की. टेनिसवाल्या सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझेरियननंतर स्वतःलाच कळलं होतं की फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्यात, आणि नर्सला वाटलं ही पेनकिलरमुळे बरळतेय. इतक्या प्रसिद्ध बाईची ही कथा, तर बाकीच्यांचं काय!

माझं मत असं की हा भेद शिव्यांमध्ये कमी आणि अंदाजात जास्त लपलेला असतो. "थांबेल थोडं", "एवढं काही दुखत नसेल", "रक्त फार गेलं नाहीये" हे सगळे अंदाजच. म्हणून जिथे जिथे आपण अंदाज करतो तिथे मोजायला लागायचं.

सुरुवात कातडीपासून करा. आपली पुस्तकं गोऱ्या कातडीवर बेतलेली आहेत, बाळाचा अपगार स्कोअर घ्या (जन्मल्याबरोबर बाळ कसं आहे त्याचे मार्क), १९५० च्या दशकातला, त्यात रंगाचे दोन मार्क "सगळं अंग गुलाबी" असेल तर, आता सावळ्या बाळाचं काय गुलाबी होणार? तर जीभ आणि हिरड्या बघा. काविळीसाठी बाळाचे कपडे काढून चांगल्या उजेडात, शक्यतो दिवसाच्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा, आणि शंका आली की नजरेवर न सोडता बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) मोजाच. आईच्या टाक्यांना इन्फेक्शन झालं तर लाली दिसेलच असं नाही, मग गरम लागतंय का, सूज कडक आहे का ते हाताने बघा (परवानगी घेऊन, अर्थात) आणि कालच्यापेक्षा दुखणं वाढलं का ते विचारा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही डोळे मिटून विसंबू नका. २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात मशीन ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असणारे ब्लॅक पेशंटांमध्ये ११.७ टक्के निघाले, गोऱ्यांमध्ये ३.६. आकडा बरा आहे पण बाईला दम लागतोय, तर बाईचं ऐका.

एक गोष्ट फार कमी जण करतात. सावळ्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असू शकतात, ते पहिल्याच तपासणीत लिहून ठेवा, कुठे आहेत, केवढे आहेत, चित्रात खूण करून. कारण पुढे कुणाला तरी ते माराचे वळ वाटतात आणि त्या घरामागे चौकशी लागते. दोन ओळींचं काम आहे आणि एका आईचं केवढं रामायण टळतं.

रक्तस्राव नजरेने ठरवू नका, पॅड वजन करा, कोरड्याचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. सोपंय.

दुखण्याचं मात्र जरा अवघड. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात मेडिकलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी आणि रेसिडेंट डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांना "ब्लॅक लोकांची कातडी जाड असते" छापाचं काहीतरी एक तरी खरं वाटत होतं. हे डोक्यातून काढायला ट्रेनिंग देतात, द्यावं, पण मी म्हणेन वही ठेवा. बाईने एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध) कधी मागितलं, कधी मिळालं. डॉक्टरला कधी बोलावलं, कधी आले. प्रत्येकाच्या दोन वेळा घड्याळात बघून लिहायच्या, बस्स. मग वॉर्डाचा हिशोब काढताना सरासरी बघू नका, सरासरीत सगळं छान झाकलं जातं, वंशाप्रमाणे वेगळं काढा आणि मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा. "आमच्याकडे असलं काही नाही" म्हणणाऱ्यांशी भावनेने भांडण्यापेक्षा हे बरं पडतं.

आतून तपासण्याआधी विचारा, आणि विचारताना हातात ग्लोव्ह चढवलेला नको, कारण मग तो प्रश्न नसतो, सूचना असते. "आत्ता तपासलं तर अमुक कळेल, नाही तपासलं तरी चालेल, काय करू?" एवढं बोलून गप्प बसा. कळ चालू असेल तर ती जाऊ द्या. नको म्हणाली तर तसंच लिहा, "सहकार्य करत नाही" असं लिहू नका, हा शेरा पुढच्या प्रत्येक शिफ्टला तिच्याबरोबर फिरतो. भाषा येत नसेल तर दुभाषी मागवा, नवऱ्याला किंवा पोराला मध्ये घालू नका, घरात मार खाणारी बाई नवऱ्याच्या तोंडून ते कसं सांगेल?

तक्रार करायची वेळ आली तर तीच वही कामाला येते. ब्राझीलच्या अलीन पिमेंटेलची केस बघा, आफ्रिकन वंशाची, गरोदर, २००२ मध्ये गेली, मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावरही तासन्तास कॉरिडॉरमध्ये पडून होती. तिच्या आईने ती केस संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीपर्यंत नेली आणि २०११ मध्ये समितीने ब्राझील सरकारला जबाबदार धरलं, नुकसानभरपाई द्या म्हणून सांगितलं. म्हणजे अशी हेळसांड हा मानवी हक्कांचा भंग ठरू शकतो. तक्रारीत "वाईट वागले" न लिहिता किती वाजता काय मागितलं आणि किती वाजता काय झालं ते लिहा. ब्रिटनमध्ये बर्थराइट्स ही संस्था बाळंतपणातल्या हक्कांबद्दल सल्ला देते, फाइव्ह एक्स मोअर ब्लॅक आयांसाठी काम करते, अमेरिकेत ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स आहे.

आणि हो, या संस्थांकडे जाताना आपण काहीतरी नवीन शिकवायला निघालोय असा आव नको. अमेरिकेच्या दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं ब्लॅक सुइणींनीच केली, १९२० च्या दशकापासून लायसन्स आणि नियमांच्या नावाखाली त्यांना हळूहळू बाजूला सारलं गेलं. फ्लोरिडात जेनी जोसेफ नावाची मिडवाइफ आहे, इंग्लंडहून आलेली, तिने आपल्या क्लिनिकचा नियमच असा ठेवला की पैसे नाहीत, इन्शुरन्स नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. असं काम बघून घ्या, आणि त्यांना वॉर्डात बोलायला बोलावलंत तर मानधन द्या. तसंच वॉर्डातल्या एकुलत्या एक ब्लॅक मिडवाइफवर "समानतेचं तू बघ" म्हणून सगळं ढकलू नका, ती वही सगळ्यांनी आळीपाळीने भरायची, ड्युटीच्या वेळेत.