नाव लिहू नका हं ताई: रुग्णांचं म्हणणं मांडायला निघालेल्या नव्या मंडळींसाठी

"जेवण भेटलं का?"
"भेटलं."
"काय होतं जेवायला?"
बाळंतीण गप्प. मग सासू हळूच म्हणाली, "नागलीची भाकर घरूनच आणली व्हती."

नाशिक-पेठ रस्त्यावरच्या सावळघाटापलीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी रुग्णांशी बोलायला लागले, त्या पहिल्या महिन्यातलं हे बोलणं. मी पहिल्या उत्तरावर थांबले असते तर वहीत "जेवण मिळते" एवढंच आलं असतं. भिंतीवर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा फलक होता. ही योजना जून २०११पासून आहे. सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालं तर ३ दिवस आणि सिझेरियन झालं तर ७ दिवस जेवण मोफत, औषधं-तपासण्या मोफत, घरून आणणं आणि परत सोडणंही मोफत. फलकाखालीच भाकरीचं फडकं पडलं होतं.

मी मूळची पंचवटीतली. एका मेडिकल दुकानात बावीस वर्षं हिशेब लिहिला, त्यामुळे बिलं वाचायची सवय होती, बाकी पात्रता काही नाही. गावोगाव काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलं, महिन्यातून दोन दिवस देशील का? पगार नाही, एसटीचं भाडं आपलं. हो म्हटलं.

सुरुवात कुठून करायची, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. प्रत्येक सरकारी दवाखान्याला त्याचा कारभार बघणारी रुग्ण कल्याण समिती असते आणि गावात गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून ही व्यवस्था गावोगाव पोचली. आपल्या राज्यात २००७पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. लोकांनीच दवाखान्याची पाहणी करायची, प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं, अशी ती पद्धत. पहिल्यांदा गेलात की वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांची यादी मागा. हे अधिकारीच त्या समितीचे सचिव असतात. यादीतल्या काही लोकांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं. हसू नका, मला असे दोन भेटले. आणि डॉक्टरांच्याही आधी आशाताईंशी ओळख करा. कुठल्या पाड्यावर कोण आजारी आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

विचारण्याची एक रीत आहे. "काही त्रास आहे का?" असं कधीच विचारू नये. आपल्या माणसांना तो प्रश्न म्हणजे तक्रार कर असं सांगणं वाटतं, आणि उद्या पुन्हा त्याच सिस्टरकडे सुई घ्यायला यायचं असतं. त्याऐवजी काल काय झालं ते विचारायचं. गाडी कुणी बोलावली? किती वेळानं आली? चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलात का? किती पैसे लागले? बिल आहे? माझ्याकडे अशी सतरा बिलं जमली आणि त्यातल्या नऊंवर एकच प्रतिजैविक होतं. "औषधं मिळत नाहीत" म्हटलं की कुणीही हात झटकतो, नऊ बिलांपुढे ते जमत नाही.

आता माझी चूक. एका बाळंतिणीकडून प्रसूतीनंतर "खुशी"चे पैसे घेतले होते. मी तावातावानं लेखी अर्ज दिला, त्यात तिचं नाव, पाडा, तारीख, सगळं. आठ दिवसांत कर्मचारी तिच्या दारात, "माझं नाव का घेतलंस?" पैसे परत मिळाले. पण त्या घरानं त्या दवाखान्याची पायरी सोडली आणि पुढच्या लसीला बाळ आलंच नाही. मी तिला विचारलंच नव्हतं, तुझं नाव घालू का म्हणून. तेव्हापासून माझ्या वहीत नावं नसतात. "बाई, वय पंचविशीतलं, दुसरं बाळंतपण" एवढंच असतं. फोटो तर मुळीच काढत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो पाड्यावर पोचायला एसटीपेक्षा कमी वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दिवाळीनंतर मी जायचे तेव्हा दवाखान्यात म्हातारी माणसं आणि पोरं तेवढी दिसायची. बाकीचे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर गेलेले. म्हणजे मी ज्यांच्या वतीनं बोलत होते, ते निम्मे तिथं नव्हतेच. मग त्या मोसमात मी पहाटे नाशिकला पेठ नाक्यावरच मजुरांशी बोलायला लागले. तिथं वेगळंच कळलं. बागेवर असताना मूल आजारी पडलं की ते खासगीत नेतात, कारण सरकारी दवाखाना कुठं आहे आणि तिथं आपल्याला घेतील का, हे माहीत नाही. ही अडचण गावच्या समितीपुढे कशी आली असती?

बैठकीबद्दल. माझ्या पहिल्या बैठकीत मी वीस मिनिटं बोलले, डॉक्टर दुखावले आणि इतिवृत्तात एक ओळही आली नाही. डॉक्टर एकटे, ओपीडीत रांग, शिवाय एक पद रिकामं. ते पद मी भरू शकत नाही आणि डॉक्टरही नाही. म्हणून आधी वाटणी करायची, समितीच्या हातातलं कोणतं आणि तालुका-जिल्ह्याकडे पाठवायचं कोणतं. प्राथमिक आरोग्य केंद्राला अभियानाच्या मूळ निकषाप्रमाणे वर्षाला २५ हजार अबंधित (म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचे), ५० हजार देखभालीचे आणि १ लाख समितीचे असा निधी ठरलेला होता. खर्चाचा तक्ता मागायला लाजू नका.

दुसऱ्या बैठकीत मी एकच वाक्य वाचलं, एका बाईचं, तिच्याच शब्दांत: "संडासाला आतून कडी नाही, म्हणून आम्ही रातच्याला पाणीच पीत नाही." बाळंतिणी पाणी पीत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांनीच मान वर केली. दोन कड्या आणि एक बल्ब आठवड्यात बसले. इतिवृत्तात मात्र "महिला प्रसाधनगृह दुरुस्ती" असं आलं. मी मूळ वाक्यही लिहायला लावलं. लिपिक वैतागले, पण लिहिलं.

शहरात काम करणार असाल तर थोडं वेगळं आहे. २०२१च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावावं लागतं. आत शिरल्यावर आधी भिंत बघा.

त्या नऊ बिलांचं अजून काही झालेलं नाही. चार बैठका झाल्या, चारही इतिवृत्तांत "पाठपुरावा सुरू आहे" आहे. त्याच प्रतिजैविकाची बिलं आता चौदा झालीत. पाचव्या बैठकीला त्यांच्या झेरॉक्स घेऊन जाणार आहे, नावं खोडून.