गेम निघाल्या दिवशी सर्व्हर कोसळला तर काय करावे

१५ मे २०१२ रोजी ब्लिझार्ड कंपनीचा ‘डायब्लो ३’ हा गेम विक्रीस आला. पहिल्या चोवीस तासांत त्याच्या सुमारे ३५ लाख प्रती खपल्या आणि विकत घेणाऱ्या असंख्य लोकांना खेळाऐवजी ‘एरर ३७’, म्हणजे सर्व्हर व्यग्र असल्याचा संदेश, तेवढाच दिसत राहिला. संगणकावर हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करणे सक्तीचे होते, त्यामुळे ते दार बंद झाल्यावर आत जायला दुसरी वाटच नव्हती. सदैव ऑनलाइन राहणारे गेम आजही अनेकदा असेच अडखळतात. अशा दिवशी आपले पैसे, वेळ आणि डेटा वाचवायचा असेल, तर काळजी खरेदीच्या आधीपासूनच घ्यावी लागते.

विकत घेण्यापूर्वी स्टोअरच्या पानावर एक गोष्ट अवश्य शोधावी: एकट्याने खेळण्यासाठीही इंटरनेट लागते का? लागत असेल, तर पहिल्याच दिवशी घेण्याची घाई करू नये, कारण डिजिटल प्रती संपत नाहीत. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’चे सर्व्हर कोलमडले, तेव्हा ॲमेझॉनने त्याच्या डाउनलोड प्रतीची विक्री काही काळ थांबवली आणि ताण हलका करण्यासाठी गेम काढणाऱ्या ईए कंपनीला खेळातला ‘चीता’ हा सर्वांत जलद वेग तात्पुरता बंद ठेवावा लागला. इंटरनेटविना खेळण्याची सोय मिळायला मात्र मार्च २०१४ उजाडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’वर गर्दी उसळली, तेव्हा तो बनवणाऱ्या ॲरोहेड स्टुडिओचे तत्कालीन प्रमुख योहान पिलेस्टेट यांनीच, हाती पैसे कमी असतील तर सर्व्हर सावरेपर्यंत थांबा, असे खरेदीदाराला सांगितले होते. माझ्या मते हा सल्ला प्रत्येक सदैव-ऑनलाइन गेमला लागू पडतो.

तरीही पहिल्याच दिवशी खेळायचे ठरवले असेल, तर खाते उघडणे, ईमेलची पडताळणी, दुहेरी सुरक्षा आणि कन्सोलचे खाते जोडणे ही कामे एक-दोन दिवस आधीच उरकून घ्यावीत, कारण ऐन गर्दीत या सेवाही लॉगिनबरोबरच ठप्प होऊ शकतात. प्रकाशनाची वेळ अनेकदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. फाइल आधी उतरवून ठेवणे सोयीचे असते खरे, पण प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केल्यानंतर पैसे परत मिळण्याचा हक्क सामान्यतः संपतो, हे लक्षात घेऊनच बटण दाबावे.

आता मुख्य प्रश्न: गेम सुरू होत नाही, तर दोष आपल्याकडे आहे की त्यांच्याकडे? आधी एखादे संकेतस्थळ आणि दुसरा एखादा ऑनलाइन गेम उघडून पाहावा. दोन्ही व्यवस्थित चालत असतील तर एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून प्रयत्न करावा, आणि तिथेही तीच एरर आली तर घरच्या राउटरला हात लावू नये. त्यानंतर एररचा क्रमांक टिपून कंपनीच्या अधिकृत स्थितिदर्शक पानावर (सर्व्हर चालू आहेत की नाही हे सांगणाऱ्या पानावर) तो पाहावा. गेम काढून टाकून पुन्हा उतरवणे ही सर्वांत महागडी चूक ठरते, कारण त्यात कित्येक जीबी डेटा खर्च होतो आणि दूरच्या सर्व्हरवरची गर्दी तसूभरही कमी होत नाही.

अडचण नेहमी दारातच असते असे नाही. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४’ आला, तेव्हा अनेकांचे लोडिंग ९७ टक्क्यांवर अडकले, आणि जे आत पोहोचले त्यांच्यापैकी काहींना विमानेच सापडेनात. हा गेम बरीचशी सामग्री खेळता खेळता सर्व्हरवरून मागवतो. निर्मात्यांनी २ लाख आभासी वापरकर्ते घेऊन चाचणी केली होती. तरीही प्रत्यक्ष गर्दीत, वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारा कॅश कोसळला. आत येणाऱ्यांच्या रांगेची गती पाचपट वाढवल्यावर सुमारे अर्धा तास सुरळीत गेला आणि कॅश पुन्हा कोसळला. म्हणून स्थितिदर्शक पानावर ‘दुरुस्त झाले’ असे दिसले तरी लगेच धाव घेऊ नये. तासभर थांबून पाहावे.

लॉगिनसाठी रांग लावणाऱ्या गेममध्ये जागा सोडू नये. डिसेंबर २०२१ मध्ये ‘फायनल फॅन्टसी १४’च्या ‘एंडवॉकर’ विस्ताराच्या वेळी ‘एरर २००२’ येऊन रांगेतले लोक बाहेर फेकले जात होते. मात्र जे लगेच परतत, त्यांची जागा थोडा वेळ राखलेली असे. याउलट रांग नसलेल्या गेममध्ये दर दोन सेकंदांनी लॉगिनचे बटण दाबल्याने आधीच दबलेल्या सर्व्हरवर नव्या विनंत्यांचा आणखी भार पडतो. दहा मिनिटांनी एक प्रयत्न पुरेसा आहे.

पैसे परत मागायचे असतील तर घड्याळ आपल्या विरुद्ध चालू असते. स्टीम या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. आगाऊ खरेदी केली असल्यास १४ दिवस प्रकाशनापासून मोजले जातात. गेम चालू ठेवून रांगेत घालवलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, त्यामुळे पाऊण-एक तास लॉगिनच्या पडद्यावर गेला की गेम बंद करावा. एररचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवावेत आणि अर्जात खेळता आले नाही हेच कारण स्पष्ट लिहावे. दुकानाने नकार दिला तर भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. दक्षिण कोरियात ‘डायब्लो ३’च्या तक्रारींची दखल तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने घेतली आणि नंतर ब्लिझार्डने तिथल्या ग्राहकांना पैसे परत देऊ केले, तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या, म्हणूनच ते शक्य झाले.

आत प्रवेश मिळालाच, तर पहिले काही दिवस महत्त्वाची वस्तू खर्च करू नये आणि तासन्‌तास सलग खेळू नये, कारण प्रगती सर्व्हरवर साठत असेल तर ती मागे जाऊ शकते. ‘सिमसिटी’च्या खेळाडूंना वसवलेली शहरे अशीच गमवावी लागली होती. पुन्हा प्रयत्न करायला कामकाजाच्या दिवसाची दुपार निवडावी: आपल्याकडे दोन ते पाच वाजतात, तेव्हा अमेरिकेचा पश्चिम किनारा झोपलेला असतो.