गल्लीत गाडी लावताना

गल्लीत चारचाकी उभी करण्यापूर्वी निदान एकदा टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजावी. गल्ली 15 फुटी असेल आणि लहान मोटार आरशांसह 6 फूट जागा अडवत असेल, तर उरलेल्या 9 फुटांतून रुग्णवाहिका सावकाश का होईना निघते. मात्र समोरच्या घरानेही त्याच रेषेत गाडी लावली, की मध्ये तीनच फूट राहतात आणि मोटारसायकलसुद्धा अंग चोरून काढावी लागते. धुळ्यातील क्रमांकांच्या गल्ल्या इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी 1819 नंतर शहर आखले त्या काळापासूनच्या मानल्या जातात, म्हणजे त्या बैलगाडीच्या हिशेबाच्या. तेव्हा समोरच्या घराशी बोलून गाड्यांसाठी एकच बाजू ठरवावी, आणि कोणावर कायमचा भार पडू नये म्हणून महिन्याने ती बदलावी.

घरापुढचा रस्ता आपल्या सातबाऱ्यावर नसतो. दगड, कुंड्या किंवा मोडकी खाट ठेवून जागा राखणे म्हणूनच गैर आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 122 नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी वाहन सोडून जाता येत नाही, आणि दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावणेही नियमात बसत नाही. अर्थात, पोलिसांना बोलावण्याची वेळ येते तोवर दोन घरांचे बोलणे बहुधा बंद झालेले असते.

खान्देशात गाडी लावताना सर्वांत आधी पाहायचे ते पाण्याचे. कित्येक वस्त्यांत नळ रोज येत नाही, आणि दाब कमी असल्यामुळे तोटी घराबाहेरच्या खड्ड्यात, फरशीखाली असते. एका उन्हाळ्यात लग्नाहून रात्री उशिरा परतल्यावर मी अंधारात दिसेल तिथे गाडी लावली आणि तिचे पुढचे चाक शेजारच्या आजींच्या खड्ड्यावरील फरशीवर आले. पहाटे साडेचारला नळ आला. आजींनी हंडे ओट्यावर ओळीने मांडलेले होते. मी उठून गाडी हलवेपर्यंत पाऊण तास गेला आणि त्यांचे दोनच हंडे भरले. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले. म्हणून आपल्या भागात नळ कोणत्या दिवशी व किती वाजता येतो हे गाडीवाल्याने पाठ ठेवावे, रात्री उतरल्यावर मोबाइलच्या उजेडात चाकांखाली पाहावे, आणि गटारीवरील ढाप्यावर तर चाक मुळीच चढवू नये, कारण तो फुटला की दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर वर्षभर वाद चालतो. काचेमागे मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. मात्र तो फोन रात्री बंद करून झोपल्यास त्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो तेव्हा निंबाच्या सावलीसाठी चढाओढ लागते. त्या सावलीत दुपारी भाजीवालीची टोपली असते, खाटेवर एखादे म्हातारे माणूस पडलेले असते; गाडीचे आसन तापेल, पण त्यासाठी त्यांना उठवू नये. उन्हात कुरडया-पापड वाळत असतील, तर त्यांच्याजवळ इंजिन सुरू ठेवून उभे राहू नये, कारण धूर आणि धूळ दोन्ही थेट पदार्थांवर बसतात.

दुचाकी भिंतीला समांतर लावावी. घंटागाडीची वेळ सांभाळावी.

श्रावणात खान्देशची देवी कानबाई हिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जेवणासाठी, सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि गल्लीत एकदम दहा-बारा गाड्या येतात. अशा वेळी यजमानाने आदल्या दिवशीच शेजारी सांगून यावे, पाहुण्यांना जवळच्या मोकळ्या मैदानाची जागा कळवावी, आणि सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघण्याआधी डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईला सरळ चालता येईल एवढी वाट मोकळी करून घ्यावी. तरीही कोणाची गाडी आपल्या फाटकासमोर आलीच, तर हॉर्न वाजवत बसण्याऐवजी त्या घराची कडी वाजवून, ‘जिभाऊ, गाडी जरा पुढे घेता का, मला कामावर निघायचे आहे’, एवढेच म्हणावे. बहुतेक वेळा माणूस हातातला घास ठेवून किल्ली घेऊन बाहेर येतो.