अर्भकमृत्यूवर प्रबंध करताय? मग स्तनपानाच्या रकान्यापासून जपून

‘अर्भकमृत्यूचे सामाजिक-आर्थिक घटक’ हा विषय, म्हणजे वर्षाच्या आत बाळं का दगावतात हे शोधणं, एम.ए.ला दरवर्षी कुणीतरी घेतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा आयता मिळतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. तसं ते नाही.

आईचं शिक्षण, घरची ऐपत, जात, गाव-शहर हे तुम्हाला पाठच असेल. मोस्ली-चेन या संशोधकांची बालमृत्यूंवरची १९८४ची मांडणीही वाचली असेल: गरिबी थेट जीव घेत नाही, कुपोषण, दूषित पाणी, उशिरा मिळालेले उपचार यांच्यामार्फत घेते. वाचतात सगळे, पण संख्याशास्त्रीय मॉडेल (कुठल्या घटकाचा किती परिणाम हे काढणारं गणित) चालवायला बसलं की विसरतात.

स्तनपान हा घटक घालून बघा. दूध पाजलेली बाळं जवळजवळ दगावतच नाहीत, असा झकास निकाल येईल. हुरळू नका. जन्मल्यावर दोन तासांत गेलेल्या बाळाला पाजणार कधी? दूध मिळालं नाही म्हणून ते गेलं नाही. ते गेलं म्हणून दूध मिळालं नाही. अशी बाळं थोडीथोडकी नसतात. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा अर्भकमृत्यू दर हजारी ३५.२ होता, त्यातले २४.९ पहिल्या महिन्यातले. लसीचंही तेच. गोवराची लस नवव्या महिन्यात. तिसऱ्या महिन्यात दगावलेल्या बाळाच्या रकान्यात ‘नाही’च असणार.

त्याहून वाईट म्हणजे हा फुगलेला घटक आईच्या शिक्षणाचा परिणाम गिळतो आणि आपण लिहून टाकतो, ‘शिक्षणाचा संबंध आढळला नाही.’ अहो, शिक्षण काम करतं तेच स्तनपान, लस अशा वाटांनी! माझ्या प्रबंधातलं हेच वाक्य व्हायवाला परीक्षकांनी मोठ्यानं वाचलं. गाइडनी त्यापुढे ‘छान’ असा शेरा मारला होता. न वाचता सही करणाऱ्या गाइडपेक्षा खडूस गाइड बरा.

घाबरू मात्र नका, यावर तोडगा आहे. पहिला महिना वेगळा आणि १ ते ११ महिने वेगळे धरा. आधी फक्त सामाजिक घटकांचं मॉडेल, मग बाकीचे एकेक करून. स्तनपान बघायचंच तर महिना ओलांडलेल्या बाळांत. सर्वेक्षणावेळी वर्षाची न झालेली बाळं ‘जगली’ म्हणून मोजू नका, त्यांचं वर्ष अजून पुरं व्हायचंय.

आणि मृत्यूच्या वयाचा तक्ता डोळ्यांनी बघा. ‘वर्षाचं होतं’ असं आई सांगते. खोदून विचारलं तरच अकरा की तेरा महिने ते कळतं. १२ वर ढीग दिसला तर त्यातले काही अर्भकमृत्यूच असतात, पण मोजणीत सुटतात. सीनियरच्या तयार डू-फाइलमध्ये (स्टाटा या सॉफ्टवेअरच्या आज्ञांची फाइल) हे दिसत नाही. ती घ्यायचीच तर ओळ न् ओळ स्वतः चालवून बघा.