हरवलेली अंगठी मेटल डिटेक्टरने शोधून देताना

अंगठी हरवल्याचा फोन आला की आधी एवढंच सांगा: तिथे कुणी फिरू नका, दाताळं ओढू नका, गवत कापू नका. हे तिन्ही घाबरलेला माणूस हमखास करतो आणि तिन्हींमुळे काम बिघडतं. ताजी पडलेली अंगठी गवताच्या पात्यांत किंवा मुळांशी वरवरच असते. चार माणसं तिथे फिरली की ती मातीत दाबली जाते, दाताळ्यात अडकली तर भलतीकडे जाते. गवत कापायच्या मशिनच्या पात्याखाली आली तर वाकते, तुटते आणि लांब फेकली जाते. मग शोधायचं क्षेत्र एकदम कितीतरी पट वाढतं.

दुसरी सूचना: हरवल्याची नेमकी जागा सगळ्यांना जाहीर करू नका. डिटेक्टर काही तुमच्या एकट्याकडेच नसतो. समुद्रकिनारा असेल तर उभं राहिल्या जागेवरून तीन दिशांना न हलणाऱ्या वस्तूंचे फोटो काढायला सांगा: खांब, झाड, इमारतीचा कोपरा. वाळूतली खूण भरतीपर्यंतसुद्धा टिकत नाही आणि फोनमधलं लोकेशन काही मीटरनी चुकतं.

आधी चौकशी, मग यंत्र

मोहीम फसते ती बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, जागा चुकल्यामुळे. याचं जुनं उदाहरण १८८१ सालचं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतःचं विद्युत उपकरण घेऊन गेले. मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध त्याच बाजूला झाला. गोळी निघाली डावीकडे, तीही शवविच्छेदनात.

म्हणून ‘कुठे पडली?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर म्हणजे फक्त मत असतं. शेवटची बोटात नक्की कधी होती, नाही हे कधी लक्षात आलं आणि मधल्या वेळात हातांनी काय काय केलं, हे विचारा. त्या दिवसाचे फोनमधले फोटो वेळेनुसार लावून बघायला सांगा. हात दिसणारा, अंगठी असलेला शेवटचा फोटो आणि नसलेला पहिला फोटो मिळाला तर पाच तासांचा घोळ कधीकधी वीस मिनिटांवर येतो.

बोटातून अंगठी निसटायची कारणं तशी मोजकीच. थंड पाण्याने बोटं आखडतात. साबण किंवा सनस्क्रीनने निसरडी होतात. हातमोजा ओढून काढला, टॉवेल किंवा चादर झटकली, चेंडू फेकला, खिशातून हात उपसला. यातलं काय घडलं ते कळलं की दिशाही कळते. त्या माणसाला त्याच जागी उभं करा आणि तीच हालचाल पुन्हा करायला लावा. बसून न आठवलेलं पुष्कळसं हात हलवताना आठवतं.

रागाच्या भरात अंगठी भिरकावली असेल तर तेवढ्याच वजनाचा नट किंवा वॉशर घ्या, भडक रंग लावा आणि फेकणाऱ्यालाच त्याच जागेवरून, त्याच हाताने तीन-चार वेळा फेकायला सांगा. रंगीत फीत बांधू नका, तिने उड्डाण बदलतं. जिथे जिथे पडेल त्या सगळ्या जागा धरून क्षेत्र आखा आणि जमीन कडक असेल तर फेकीच्या दिशेने आणखी वाढवा, कारण अंगठी उसळते आणि घरंगळते. झुडपाच्या फांद्या आणि छपराचा पन्हळही बघा.

निघण्यापूर्वी घरच्या जागा तपासून घ्यायला सांगाच: हातमोज्यांची बोटं, खिसे, पिशवीचं फाटलेलं अस्तर, वॉशिंग मशिनच्या दाराचं रबर, बेसिनखालचा वळणाचा पाइप, गाडीच्या सीटच्या फटी. तिथे डिटेक्टर कुचकामी. गाडी म्हणजे सगळं लोखंडच आणि काँक्रीटमध्ये सळया. अशा ठिकाणी अंधार करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरावा. बारीक वस्तूचीही लांब सावली पडते, खडा असेल तर चमकतो.

जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल तर परवानगी त्याच्याकडून घ्या. हरवणाऱ्याने दिलेली पुरत नाही. संरक्षित पुरातत्त्वीय जागेवर बहुतेक देशांत डिटेक्टर चालवणंच गुन्हा ठरतो, तिथे संबंधित खात्याच्या लेखी परवानगीशिवाय यंत्र बाहेर काढू नका. येण्याजाण्याचा खर्च कोण करणार हेही आधीच बोलून घ्या, सापडल्यावर हा विषय काढणं अवघड जातं.

यंत्राला अंगठी कशी दिसते

कॉइलमधल्या (यंत्राच्या खालच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या चकतीतल्या) बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत एडी करंट म्हणजे गोल फिरणारा विजेचा प्रवाह तयार होतो आणि यंत्र तो पकडतं. अंगठी म्हणजे बंद कडं, त्यात हा प्रवाह सहज फिरतो, म्हणून वजनाच्या मानाने अंगठीचा सिग्नल दमदार असतो. तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर सिग्नल एकदम पडतो. बारीक साखळीचंही तसंच. यंत्राला प्रत्येक कडी सुटी दिसते, त्यामुळे बऱ्याचदा फक्त पदक किंवा फासा वाजतो. साखळी शोधायची असेल तर वेग निम्मा करा, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवा आणि कुजबुजल्यासारख्या आवाजावरही थांबा.

कोणता धातू असावा हे सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्याने मात्र फसू नका. सोन्याची पातळ अंगठी फॉइलच्या आसपास येते, जाड अंगठी शीतपेयाच्या कॅनच्या ओढायच्या कडीच्या आसपास. चांदीचा आकडा वरच्या बाजूला, तांब्याच्या नाण्यांजवळ. प्लॅटिनम, टायटॅनियम, टंगस्टन बहुधा खालच्या बाजूला. म्हणजे कचऱ्याचा त्रास नको म्हणून डिस्क्रिमिनेशनने (नको त्या धातूंचा आवाज बंद करायच्या सोयीने) फॉइल बंद केलं की सोनंही बंद झालं. फार तर लोखंड बंद ठेवा. बाकी जे वाजेल ते बघायचं, मग कितीही झाकणं निघोत.

अंदाज घ्यायचा खात्रीचा मार्ग म्हणजे नमुना. जोडीतली दुसरी अंगठी असेल, किंवा तशाच धातूची आणि जाडीची मिळत असेल, तर ती त्याच जमिनीवर ठेवून बघा: एकदा आडवी, एकदा कडेवर उभी. दोन्ही आकडे आणि दोन्ही आवाज टिपून ठेवा. उभ्या अंगठीचा आवाज अशक्त किंवा दुहेरी येतो, तो कानात बसला पाहिजे. नमुन्याला भडक दोरी बांधा, नाहीतर शोधायच्या अंगठ्या दोन होतील.

यंत्र कोणतं? कोरड्या जमिनीला साधं व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रीक्वेन्सीवर सतत चालणारं नेहमीचं यंत्र) पुरतं. पातळ सोन्यासाठी १५ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरची फ्रीक्वेन्सी बरी. ओल्या खाऱ्या वाळूत गणित बदलतं. खारं पाणी स्वतःच विजेचं वाहक, त्यामुळे एका फ्रीक्वेन्सीचं यंत्र काही नसताना ओरडत राहतं. तिथे मल्टी-फ्रीक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं) किंवा पल्स इंडक्शन (विजेचे छोटे झटके सोडून धातू ओळखणारं) यंत्र घ्यावं. पल्स इंडक्शन खोल जातं, पण लोखंड वेगळं ओळखण्यात कच्चं आहे, तेव्हा खणायची तयारी ठेवा. साधंच यंत्र हाताशी असेल तर सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) उतरवा, ओल्या वाळूवरच ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल यंत्राला वगळायला लावा, आणि कॉइलची उंची जराही बदलू देऊ नका.

मोकळ्या जागेला ११ इंची कॉइल, कुंपणाजवळ, झुडपांत आणि कचऱ्यात ६ इंची. पायात लोखंडी टोपीचे बूट नकोत. स्वतःची अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, नाहीतर पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) धरलेला हात आपल्याच अंगठीवर वाजतो. विजेच्या तारांखाली यंत्र बडबडत असेल तर आधी फ्रीक्वेन्सी बदलून बघा, नाही जमलं तरच सेन्सिटिव्हिटी कमी करा.

पट्टे आखून चालणं

‘इथेच कुठेतरी’ म्हणून मनाला येईल तसं फिरलं की काही भाग चारदा तपासला जातो आणि काही एकदाही नाही. दोऱ्या आणि खुंट्या घ्या. सगळ्यात शक्यतेच्या जागेपासून सुरुवात करून एक-एक मीटर रुंदीचे पट्टे पाडा. एका पट्ट्यात कॉइल डावीकडून उजवीकडे जायला साधारण दोन सेकंद लागावेत आणि प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर अर्धी चढलेली असावी. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, समांतर. नवशिक्यांचा हात फेरीच्या दोन्ही टोकांना वर उचलला जातो आणि पट्ट्याच्या कडा कोऱ्या राहतात. म्हणून शेजारच्या दोरीच्या पलीकडे वीतभर जाऊनच कॉइल परत फिरवा.

सगळे पट्टे झाले आणि अंगठी नाही, तर क्षेत्र वाढवायची घाई करू नका. आधी तीच जागा काटकोनात पुन्हा तपासा. कडेवर उभी राहिलेली किंवा खिळ्याच्या शेजारी पडलेली अंगठी एका दिशेने गप्प राहते आणि दुसऱ्या दिशेने बोलते.

जोरात वाजलं तर कॉइल सरळ वर उचला. अंगठीचा आवाज उंचीबरोबर लवकर मावळतो. ३० सेंटीमीटरवरूनही तसाच ठणठणीत राहिला तर खाली कॅन किंवा पत्रा असणार. असेच सिग्नल वेगळे काढत जा, पण त्यांच्या जागेवर खूण ठेवा. कॅनच्या आडोशाला अंगठी लपू शकते, तेव्हा कॅन काढून तिथे पुन्हा फिरवायचं.

बाहेर काढताना

हिरवळीवर आजकालच हरवलेल्या अंगठीसाठी खणायची जवळजवळ कधीच गरज नसते. गुडघ्यावर बसा, बोटांनी गवत विंचरा आणि पिनपॉइंटर आडवा फिरवा. जुनी अंगठी मातीत गेली असेल तर सिग्नलपासून निदान दहा सेंटीमीटर लांबून, तीन बाजूंनी कापून मातीचा तुकडा चौथ्या बाजूच्या मुळांवर झाकणासारखा उलटा. निघालेली माती कापडावर घ्या. सिग्नलच्या डोक्यावर खुरपं मारलं की ओरखडा पडलाच म्हणून समजा. काम झालं की माती परत भरा, झाकण बसवा, पायाने दाबा, पाणी घाला. दुसऱ्या दिवशी जागा ओळखू आली तर काम नीट झालं नाही.

वाळूचा स्वभाव वेगळा. १८ कॅरट सोन्याची घनता पाण्याच्या १५ ते १६ पट, वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणाची २.६५ पट. लाटांनी वाळू सैल केली की अंगठी खाली जाते आणि शिंपल्यांच्या किंवा दगडगोट्यांच्या थरावर जाऊन थांबते. वर वाळू साचत राहिली तर आज सापडणारी अंगठी उद्या यंत्राच्या टप्प्याबाहेर जाते. त्यामुळे पाण्याच्या कडेला हरवली असेल तर पुढचीच ओहोटी गाठा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचून किनाऱ्याला समांतर पट्टे घेत पाण्याबरोबर खाली उतरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत कमी. कोरड्या वाळूला हातातली प्लॅस्टिकची चाळणी पुरे, ओल्या वाळूला लांब दांड्याचा स्टीलचा स्कूप लागतो. कानातलं शोधत असाल तर चाळणीची भोकं आधी तपासा, १२ मिलिमीटरच्या भोकातून ते आरामात निसटतं.

पाण्यात उतरायचं तर कमरेच्या वर नाही आणि एकट्याने मुळीच नाही. यंत्राची फक्त कॉइल जलरोधक आहे की कंट्रोल बॉक्सही, हे माहितीपुस्तिकेत वाचूनच उतरा.

अंगठी हातात आली की पुसू नका, वाळूने ओरखडे पडतात. साध्या पाण्यात धुवा आणि खडे मोजा. एखादं कोंदण रिकामं दिसलं तर काढलेली माती टाकू नका. हिरा धातू नव्हे, यंत्र त्याला ओळखणार नाही. अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण ५ मिलिमीटरचा असतो, बाजूचे खडे त्याहून कितीतरी बारीक. तेव्हा सगळी माती बारीक जाळीवर पाण्याने धुवून, पांढऱ्या कापडावर पसरून बघावी लागते.

दुसऱ्याच शोधात भलतीच अंगठी सापडली तर फोटो टाकून ‘कुणाची?’ विचारू नका. फोटो पाहिला की कुणीही वर्णन करतो. जागा आणि ‘एक अंगठी’ इतकंच सांगा. आतली अक्षरं, माप, खड्यांची संख्या दावा करणाऱ्याकडून येऊ द्या आणि ती घातलेला जुना फोटो मागा. मालक मिळालाच नाही तर पोलिसांकडे नोंद करा.

आणि नाही सापडली, तर तपासलेल्या क्षेत्राचा मोजमापांसह नकाशा काढून मालकाला द्या. कोणते पट्टे दोन्ही दिशांनी झाले, कुठे कचऱ्यामुळे खात्री देता येत नाही, कोणतं यंत्र आणि कोणती कॉइल होती, हे त्यावर लिहा. पुढे येणारा दुसरा शोधक तिथून पुढे सुरू करेल. किनाऱ्यावरची अंगठी असेल तर वादळानंतर परत फेरी मारायचं ठरवून ठेवा, तेव्हा वरचा वाळूचा थर वाहून गेलेला असू शकतो.