रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाठ घेऊन घरी बसू नका: ट्यूमर मार्करच्या या चुका टाळा

स्तनात गाठ हाताला लागते, पण दुखत नाही. सांगायची लाज वाटते, मॅमोग्राफीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. मग जवळच्या लॅबमध्ये सीए १५-३ ही ट्यूमर मार्करची, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थाची, तपासणी करून घेतली जाते. आकडा ३० च्या आत आला की घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि गाठ तशीच राहते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

सीए १५-३ म्हणजे स्तनाच्या पेशींवरच्या म्यूक-१ या प्रथिनाचा रक्तात सुटलेला भाग. गाठ लहान असताना तो इतका थोडा सुटतो की सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक जणींचा आकडा नॉर्मलच येतो. म्हणून गाठीचा निकाल रक्तावर लावायचा नाही. डॉक्टरांनी हाताने तपासणं, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शंका असेल तर सुईची बायोप्सी, हाच रस्ता. ईआर, पीआर आणि हर-टू या औषध ठरवणाऱ्या तपासण्याही बायोप्सीत काढलेल्या त्याच तुकड्यावर होतात.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या गटात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

याच्या उलट चूकही होते. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आकडा ३८ आला आणि घरात रडारड सुरू. यकृताचा आजार, स्तनातली साधी गाठ, अंडाशयातली सिस्ट, गरोदरपण, एवढंच काय, बी-१२ च्या कमतरतेनेही सीए १५-३ वाढू शकते. सीईए हा दुसरा मार्कर तर धूम्रपानानेही वाढतो. कसलीच तक्रार नसताना ही तपासणी पॅकेजमध्ये घालणं मला मुळातच चुकीचं वाटतं. बीआरसीए ही जनुकांची तपासणी वेगळी. तीही रक्तावर होते, पण ती आनुवंशिक धोका सांगते, आजार आहे की नाही ते नाही.

मार्कर खरा उपयोगी पडतो तो आजार हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पसरल्यावर, उपचार लागू पडतोय का हे स्कॅनच्या जोडीने पाहायला. तिथे एकट्या आकड्याला अर्थ नसतो, तो चढतोय की उतरतोय ते बघायचं. दर वेळी वेगळ्या लॅबमध्ये जाऊ नका, किट बदललं की आकडाही बदलतो. नवे उपचार सुरू झाल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आकडा उसळला तर लगेच धीर सोडू नका. औषध लागू पडत असतानाही तो तात्पुरता वाढू शकतो.

केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन काही यंत्रांवर आकडा खोटा कमी दाखवू शकतं. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा आणि किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा.

रिपोर्ट तारखेवार लावा. प्रत्येक आकड्याशेजारी लॅबचं नाव आणि तेव्हा कोणते उपचार चालू होते ते पेनाने लिहा. ओपीडीत गेल्यावर सगळ्यात आधी ते पान डॉक्टरांपुढे ठेवा.